अन्ननलिकेतला लाल प्रकाश आणि बाहेरचे ऊन

आमच्या लातूर भागात अन्ननलिकेचा कर्करोग झालेला माणूस डॉक्टरांपुढे बसतो तो बहुधा ‘घास अडकतो’ म्हणत. भाकरी उतरेनाशी झाली की तो ती दुधात कुस्करून खाऊ लागतो, पुढे पातळ कण्यांवर येतो आणि त्यानंतर कुठे दुर्बीण टाकून तपासणी होते. फोटोडायनॅमिक थेरपीविषयी, म्हणजे औषध आणि प्रकाश यांच्या जोडीने कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या उपचाराविषयी, लिहिताना हे आधी सांगणे भाग आहे, कारण या उपचाराने रोग समूळ जाण्याची आशा धरायची तर तो अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरापुरताच असायला हवा, आणि त्या अवस्थेत घास सहसा अडकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलत्यांनी मोबाइलवर याच उपचाराचा ‘बिनाऑपरेशन लेसर’ म्हणून आलेला व्हिडिओ दाखवून मला विचारले, “हे आपल्याकडच्या माणसाला चालंल का रे?” उपचाराची रीत खरोखर देखणी आहे. पोर्फिमर सोडियम हे औषध वजनाच्या दर किलोमागे 2 मिलिग्रॅम या प्रमाणात शिरेतून देतात. ते सगळ्या अंगात पसरते, बऱ्याच ऊतींतून निघून जाते, पण गाठीत आणि त्वचेत रेंगाळते. 40 ते 50 तासांनी दुर्बिणीतून बारीक तंतू आत नेऊन 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश रोगट भागावर पाडतात. एकटे औषध किंवा एकटा प्रकाश पेशीला मारत नाही. दोन्ही एकत्र आले की पेशीतल्या ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रूप तयार होते, आणि पेशी मरते ती त्याने. मात्र हा प्रकाश काही मिलिमीटरच खोल जातो, त्यामुळे लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेल्या रोगावर त्याचा इलाज नाही.

अमेरिकेत या औषधाला 1995 मध्ये मान्यता मिळाली ती अन्ननलिका तुंबलेल्या रुग्णांचे गिळणे सुसह्य करण्यासाठी. कर्करोगाच्या उंबरठ्यावरच्या बॅरेट अन्ननलिकेसाठी (म्हणजे पोटातले आम्ल वर येत राहून अस्तर बदललेल्या अन्ननलिकेसाठी) ती 2003 मध्ये आली. आज सुरुवातीच्या रोगात दुर्बिणीतूनच अस्तराचा तुकडा काढण्याला पहिली पसंती आहे, आणि मला ती रास्त वाटते. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग किती खोल गेला होता हे कळते. प्रकाशाने मारलेल्या भागाबाबत तशी तपासणी होत नाही. शिवाय हा प्रकाशाचा उपचार घेतलेल्या बॅरेटच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांत पुढे अन्ननलिका आकसली आणि ती फुग्याने रुंद करावी लागली. जपानमध्ये केमो-रेडिएशननंतर त्याच जागी उरलेल्या किंवा उलटलेल्या रोगासाठी टॅलापोर्फिन या औषधासह ही पद्धत 2015 पासून मान्य आहे, आणि तिची खरी जागा मला तिथेच दिसते.

चुलत्यांना मात्र याहून जवळचा प्रश्न उन्हाचा होता. पोर्फिमर त्वचेत उरते तोवर, म्हणजे निदान 30 दिवस, थेट उन्हात गेले की अंग भाजल्यासारखे लाल होते, सुजते, फोड येतात. सनस्क्रीन लावून भागत नाही, कारण ते मुख्यतः अतिनील किरण अडवते आणि इथे बाधतो तो डोळ्यांना दिसणारा उजेड. वैशाखात पारा 42 अंशांवर असताना पत्र्याच्या खोलीत अंगभर कपडे घालून, दार-खिडकीतली तिरीप चुकवत बसायचे, आणि मृग तोंडावर असला तरी शेताकडे जायचे नाही, हे सांगणे सोपे आहे. तरीही अगदी अंधारात कोंडून घेऊ नये. घरातल्या मंद उजेडाने त्वचेतले औषध हळूहळू निष्प्रभ होते.

महिन्यानंतर शेतावर जाण्याआधी त्वचेचा छोटा भाग 10 मिनिटे उन्हात धरून पाहतात, चेहरा मात्र नाही, कारण डोळ्यांभोवतीची त्वचा अधिक हळवी असू शकते. 24 तासांत लाली, सूज किंवा फोड दिसला नाही, तर हळूहळू बाहेर पडायला हरकत नसते. दिसला, तर आणखी दोन आठवडे घरातच थांबून पुन्हा हीच परीक्षा घ्यायची.