माणदेशी पोराची प्लेट

एप्रिल २०१८. मी तेव्हा राष्ट्रीय रायफल्समध्ये प्लाटून हवालदार होतो, दक्षिण काश्मीरात. रात्री अकराला कॉर्डनसाठी, म्हणजे वेढा घालायला, निघायचं होतं. निघण्याआधी प्रत्येक जवानाचं बुलेटप्रूफ जॅकेट मी स्वतः चाचपायचो. पट्टे ओढून बघायचे, बगलेत फट राहिली का बघायचं, मग छातीवर, जिथं आत गोळी अडवणारी कडक प्लेट असते तिथं, बोटाच्या पेरानं ठोकायचं. ठोकण्याची सवय मला एका जुन्या सुभेदार साहेबांनी लावली होती.

माणदेशातल्या एका पोराच्या छातीवर ठोकलं आणि हात थांबला. आवाज वेगळाच, प्लास्टिकच्या बादलीवर टिचकी मारल्यासारखा.

"हे काय घातलंयस?"

"प्लेटच हाय उस्ताद."

"कुणाची?"

बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझीच. इकत घेतलीया."

आमची जुनी जॅकेटं दहा किलोच्या वर. त्यात रायफल, मॅगझिन, पाण्याची बाटली, डोक्यावर बुलेटप्रूफ पटका. चढावर पोरांचे खांदे सोलून निघायचे. त्यानं सरकारी प्लेटा काढून ट्रंकेत ठेवल्या होत्या आणि पुढच्या खिशात ही दीड किलोची प्लेट सरकवली होती. कप्पा मोठा, प्लेट लहान. ती खाली घसरली होती. गळ्याखालची चार बोटं जागा आणि दोन्ही बगला पूर्ण उघड्या.

सरकारी प्लेटा पुन्हा घालायला लावल्या आणि निघालो. त्या रात्री गोळी चालली नाही. पहाटे परतलो तेव्हा चहाच्या मगावर त्यानं सगळं सांगितलं. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी लेथपोऱ्यात सीआरपीएफच्या कॅम्पवर हल्ला झाला होता. पोलादी गाभ्याच्या गोळ्यांनी बुलेटप्रूफ आडोसा भेदल्याच्या बातम्या टीव्हीवर चालल्या. गावाकडं आईनं त्या ऐकल्या आणि बचत गटातून चाळीस हजार उचलून लेकाला पाठवले. सुट्टीवर गेला तेव्हा ह्यानं दिल्लीत एका दुकानातून प्लेट घेतली. दुकानदार म्हणाला होता, लेव्हल थ्री ह्या अमेरिकन दर्जाची आहे, एके-४७ ची गोळी अडवते.

मला रागवता आलं नाही. कर्ज काढून लेकाच्या छातीवर ढाल बांधणाऱ्या बाईला काय म्हणायचं?

कंपनी कमांडर साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, हा प्रकार आपल्याकडेच होतो असं नाही. २००३ मध्ये इराकला गेलेल्या अमेरिकन सैनिकांना प्लेटा पुरत नव्हत्या, तेव्हा घरच्यांनी विकत घेऊन पाठवल्या. पुढच्याच वर्षी तिथं कायदा करून ११०० डॉलरपर्यंत भरपाई द्यायचं ठरलं, आणि मार्च २००६ मध्ये त्यांच्या लष्करानं खासगी चिलखतांवर बंदी घातली. मग म्हणाले, "पोराला नुसतं नाही म्हणू नका. दाखवा."

दोन दिवसांनी झिरोइंगला, म्हणजे रायफलींचा नेम जुळवायला, रेंजवर गेलो. प्लेट वाळूच्या पोत्यांना टेकवून उभी केली. मागं लंगरातून आणलेला कणकेचा मोठा गोळा थापला. ५० मीटरवरून मी एके-४७ ची एक गोळी मारली. जाऊन बघतो तर प्लेट फुगलेली, पण गोळी आत अडकलेली. पोरं ओरडली. त्याचा चेहरा तर असा खुलला की पुढची गोळी मारूच नये असं मला वाटलं. कणकेत मात्र माझी अर्धी मूठ बसेल एवढा खड्डा पडला होता. गोळी अडली तरी बरगड्यांचं काय होतं ते त्या खड्ड्यात दिसत होतं.

मग इन्सास रायफल घेतली. एकच गोळी. प्लेटमधून आरपार, कणकेतून आरपार, वाळूत.

कुणी काही बोललं नाही. तो प्लेटजवळ गेला आणि त्या भोकात करंगळी घालून उभा राहिला.

त्याला तिथंच खाली बसवून समजावलं. ही प्लेट म्हणजे पॉलिथिलीनच्या तंतूंचे थर दाबून केलेली वडी. जाड, मऊ गोळी तिच्यात आली की चपटी होते आणि थर तिला जाळ्यासारखे पकडतात. लेव्हल थ्रीची परीक्षा शिशाच्या गाभ्याच्या ७.६२ मिलिमीटरच्या नाटो गोळीवर होते, आपल्या जुन्या एसएलआर रायफलीच्या जातीच्या. इन्सासची ५.५६ ची गोळी बारीक, टोकाला पोलाद, वेग सेकंदाला ९०० मीटरच्या घरात. एके-४७ चा वेग ७०० च्या आसपास. गोणपाटाच्या घड्यांत गोटी अडकते, दाभण अडकत नाही. कडक पोलादाला आधी सिरॅमिकवर आपटून फोडावं लागतं, आणि सिरॅमिक आलं की वजन आलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये पुलवाम्यात अतिरेक्याकडं अमेरिकन एम-४ कार्बाइन सापडली होती. तीही ५.५६ ची. म्हणजे जी गोळी ह्या प्लेटला अडवता आली नाही, तसलीच समोरून येऊ शकत होती.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. अर्धं बोलला होता. मला आजही त्याचा राग आहे, कारण उरलेलं अर्धं त्याला ठाऊक असणारच.

कर्जाचा हप्ता प्लाटूननं मिळून भरायचं ठरवलं, पण त्यानं घेतलं नाही. महिन्याच्या महिन्याला स्वतः पैसे लावत राहिला. आईला त्यानं भोकाचं कधीच सांगितलं नाही. फोनवर तिनं विचारलं, "घालतुयास न्हवं?" की म्हणायचा, "घालतुया आये."

त्याच एप्रिलमध्ये १,८६,१३८ नव्या जॅकेटांचा ६३९ कोटींचा करार झाला होता, कडक पोलादी गाभ्याची गोळी झेलणारी. आमच्याकडं ती आली तेव्हा पोरं खांद्यावर टाकून वजन बघत होती, फोटो काढत होती. तो कोपऱ्यात गेला, कप्प्यातून प्लेट बाहेर ओढली, उलटी केली आणि मागच्या छाप्यावर कुठली गोळी लिहिलीय ते बोट ठेवून वाचू लागला.