दोन टक्के

बुधवार, रात्री उशिरा

माझा गेम बघून दादा सहजच बोलला असणार. "कक्षेतून सुखरूप आणलंस ना? मग कर की रिकव्हर. दोन टक्क्यांसाठी कशाला जीव काढतेस?" एवढं म्हणून तो जेवायला गेला. मी तशीच बसून राहिले. तेव्हापासून ते दोन टक्के डोक्यातून जात नाहीत.

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या अंतराळयानं बांधून उडवायच्या गेममध्ये विमानासारखं उतरणारं यान धावपट्टीवर उभं करून रिकव्हर केलं, तर त्याची पूर्ण किंमत परत मिळते. गेममधल्या अंतराळ केंद्राच्या आवारात, पण पट्टीबाहेर थांबलं तर 98 टक्के. माझं यान पट्टीच्या डावीकडे गवतात थांबलं होतं. पट्टी समोर दिसत होती. तेवढं अंतर चाकांवर चालवत न्यायचं होतं. ते जमलं नाही. उजवा पंख मोडला.

दोन टक्क्यांचं मला काही नाही. कक्षेत जाताना, परत वातावरणात शिरताना हात थरथरत नाही आणि जमिनीवर, सायकलच्या वेगाने जाताना सगळं हातातून सुटतं, हे लागलंय. उडवता येतं पण चालवता येत नाही, म्हणजे नक्की काय येतं मला?

काय झालं ते आता शांतपणे मांडते. उतरल्यावर टाक्या जवळजवळ रिकाम्या होत्या. शेपटीला दोन रॅपिअर इंजिनं (खाली हवेवर, वर सोबतच्या ऑक्सिडायझरवर चालणारी), प्रत्येकी 2 टन. निघताना पुढच्या टाक्या भरलेल्या असतात, म्हणून वजन पुढच्या चाकावरही नीट येतं. परतताना इंधन संपलेलं असतं, इंजिनं तेवढी राहतात. गुरुत्वमध्य सरकत सरकत मागच्या चाकांच्या अगदी जवळ येतो. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, तसंच. पुढचं चाक जमिनीला नुसतं टेकलेलं असतं, त्यावर भार नसतो. भार नाही म्हणजे पकड नाही, आणि पकड नसलेलं चाक कितीही वळवलं तरी यान सरळच जातं.

ते मला तेव्हा कळलं नाही. मी उजवीकडे वळवायचं डी बटण दाबूनच धरलं. वळत नाही म्हणून थ्रॉटल वाढवला. जेटचा जोर उशिरा चढतो. आपण दाबतो, काही होत नाही, आणखी दाबतो, आणि मग सगळं एकदम येतं. जोर येताच नाक आणखी उचललं गेलं. मी घाबरून थ्रॉटल शून्यावर आणला, नाक खाली आपटलं. तेव्हा चाक पूर्ण उजवीकडे वळलेलं होतं. आता त्याला पकड मिळाली आणि यान जागच्या जागी फिरून आडवं झालं.

जोराचा हिशेबही आधी मांडायला हवा होता. हवेवर चालताना, यान उभं असताना एका रॅपिअरचा जोर 105 किलोन्यूटन, दोघांचा 210. रिकामं यान 15 टनांच्या आसपास. पूर्ण थ्रॉटलला हे यान सेकंदाला 14 मीटरनी वेग वाढवेल. चालवत न्यायला त्याचा विसावा भागही पुष्कळ. म्हणून इंजिनावर राइट क्लिक करून थ्रस्ट लिमिटर, म्हणजे जोराची कमाल मर्यादा, 5 टक्क्यांवर आणायचा. मग थ्रॉटलची अख्खी पट्टी आपल्या हाताला मिळते. त्याआधी इंजिन पुन्हा हवेवर चालण्याच्या मोडमध्ये आहे ना, हे बघायचं. कक्षेतून येताना ते ऑक्सिडायझरवर असतं आणि तसंच राहून जातं.

एसएएस, म्हणजे यान आपोआप स्थिर ठेवणारी यंत्रणा, बंद करायचं, हे तर मला ठाऊक होतं. तरी विसरले. ते चालू असलं की यानाची दिशा धरून ठेवायला बघतं. आपण उजवीकडे वळवतो आणि ते यानाला डावीकडे खेचतं.

वेगाचंही तसंच. वळताना बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 20 मीटर त्रिज्येचं वळण सेकंदाला 10 मीटरने घेतलं, तर यानाच्या वजनाच्या निम्म्या जोराचा आडवा रेटा बसतो. 5 मीटरने घेतलं तर त्याचा चौथाई. म्हणून सरळ जाताना 5 ते 8, वळताना 3 किंवा 4, त्याहून जास्त नाही. कलायला लागलं तर क्यू किंवा ई बटणाने उलट बाजूला कलवायचं. आणि पुढच्या चाकाचा ब्रेक शून्यावर ठेवायचा. पुढे ब्रेक लागला की भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट सुटते. ब्रेक फक्त मागे.

दादाशी मी नीट बोलले नाही. ते उद्या बघू.

लिहिता लिहिता आठवलं, अमेरिकेच्या खऱ्या स्पेस शटलला हे कधी करावंच लागलं नाही. उतरेपर्यंत ते ग्लायडर झालेलं असायचं. फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्राच्या 15,000 फूट लांब पट्टीवर थांबलं की ट्रॅक्टर ओढून न्यायचा. पण उतरल्यावर पट्टीवर सरळ धावणं त्यालाही सोपं नव्हतं. एप्रिल 1985 मध्ये डिस्कव्हरी हे शटल केनेडीला उतरलं तेव्हा आडव्या वाऱ्यात दोन बाजूंचे ब्रेक कमीजास्त लावून ते सरळ ठेवावं लागलं, आणि एक टायर फुटला. त्यानंतर पुढच्या चाकाच्या स्टिअरिंगवर काम होईपर्यंत शटल कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर उतरवत राहिले. म्हणजे पुढचं चाक धड वळत नसलं तर काय होतं, हे त्यांनी फार महाग शिकून घेतलं होतं.

स्वतःच्या चाकांवर खरोखर चाललं ते बुरान या सोव्हिएत शटलचं चाचणीचं यान. शेपटीला चार जेट इंजिनं लावलेलं. 10 नोव्हेंबर 1985 ला इगोर वोल्क यांनी ते पहिल्यांदा उडवलं, पण त्याआधी ते पट्टीवर नुसतं धावून बघितलं होतं. आता ते जर्मनीत श्पायरच्या संग्रहालयात आहे. आणि आपल्या इस्रोचं पुष्पक, पुन्हा वापरता येईल असं पंखांचं यान! चित्रदुर्गला उतरताना त्याचा वेग ताशी 320 किलोमीटरच्या वर, पॅराशूट तो 100 च्या आसपास आणतं, मग ब्रेक. त्या धावेत रडर आणि पुढचं चाक मिळून त्याला मधल्या रेषेवर ठेवतात, माणसाविना. 2024 च्या जूनमधल्या तिसऱ्या खेपेला वाराही जास्त होता. बातम्यांत टेकण्याचा क्षण दाखवतात. मी मात्र आता त्यानंतरची धावच बघते.

हे आठवल्यावर संध्याकाळपासूनचा गोळा जरा उतरला. माझ्याकडून सुटलं ते वेगळंच काम आहे, उडवण्याचं उरलंसुरलं नव्हे. ते वेगळं शिकावं लागणार, शिकीन.

मघाशी पुन्हा एकदा सेव्ह लोड केलं. पंख शाबूत. उरलेलं इंधन ऑल्ट धरून दोन्ही टाक्यांवर राइट क्लिक करत मागून पुढे ढकललं. नाक जरा दबलेलं दिसलं. लिमिटर 5 टक्के, एसएएस बंद. पट्टीच्या कडेला तिरकं न जाता काटकोनात गेले, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकदम चढतील. तिरकं गेलं की एक आधी चढतं आणि पंख कलतो. वेग 3.

पुढचं चाक पट्टीवर चढलं. मागची दोन अजून गवतात आहेत. बी दाबून ब्रेक लावले, एफ5 दाबून सेव्ह केलं. बारा वाजून गेलेत.