ऐन लग्नसराईत कूलर वॉरंटीत

"कूलर गेला!" असं मी ओरडलो, तेव्हा आई स्वयंपाकघरातून थेट खिडकीशी गेली आणि ताट्यांवर पाणी पडतंय का ते पाहू लागली. "सुरू तर हाये, काहून ओरडून राहिला?" अकोल्यात एप्रिलमध्ये कूलर म्हटलं की तो एकच. माझा गेला होता तो कॅबिनेटच्या आतला, प्रोसेसरवर बसवलेला, २४० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर. त्यात पंप प्रोसेसरची उष्णता पाण्यातून रेडिएटरकडे नेतो आणि तिथून पंखे ती बाहेर टाकतात. तारीख ९ एप्रिल २०२२. तो बदलून मिळायला चाळीस दिवस लागले आणि माझा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. २०१९ च्या दिवाळीत मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन इंटेलचा आय५-९६००के आणि झेड३९० चा मदरबोर्ड घेतला. नावातला तो 'के' म्हणजे वेगाचा गुणक मोकळा सोडलेला, ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येणारा प्रोसेसर. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सगळे सहा कोअर कामाला लागले की तो मूळचा ४.३ गिगाहर्ट्झवर चालतो, मी ५.० वर नेला. त्यासाठी व्होल्टेज १.१५ वरून १.३४ पर्यंत चढवावं लागलं. इथे एक हिशेब आहे. उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे वेग मिळाला सोळा टक्के आणि उष्णता झाली दीडपटीहून जास्त. हे गणित मला तेव्हाही येत होतं. पण पाच हा आकडा मित्रांना स्क्रीनशॉट पाठवायला फार बरा दिसतो.

दिवाळीत खोली २४ अंशांवर असताना रेंडरिंगमध्ये, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल तयार होताना, प्रोसेसर ७८ पर्यंत जायचा. हाच सेटअप एप्रिलमध्ये, खोली ३८ वर असताना, ९२ दाखवायचा. कुठलाही पंखा किंवा रेडिएटर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे खोली चौदा अंशांनी तापली की आतला आकडाही साधारण तेवढाच चढतो. बंगळूरच्या कोणी "माझा तर ७५ वरच असतो" म्हटलं तर आधी त्याच्या खोलीचं तापमान विचारा. हा प्रोसेसर १०० अंशांना स्वतःचा वेग कापायला लागतो, म्हणजे माझ्या हातात आठ अंश उरले होते. आणि २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचं सरासरी कमाल तापमान सर्वांत जास्त असलेला मार्च होता. पुढचा एप्रिल आमच्याकडे कसा असेल ते सांगायला नको.

९ तारखेला चाळीस मिनिटांचं रेंडर दोन तास झाले तरी संपेना. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं तर सहाही कोअर १०० वर चिकटलेले आणि वेग कधी १.२, कधी ०.८ गिगाहर्ट्झ. मला वाटलं, प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी मधली पेस्ट वाळली. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली. काही फरक नाही. पुन्हा पुसली, पुन्हा लावली. (पेस्ट तुरीच्या डाळीपेक्षा मोठी आणि वाटाण्यापेक्षा लहान, मधोमध एकच थेंब. पसरायची नाही, कूलर दाबला की आपोआप पसरते.) तिसऱ्या वेळी सहज रेडिएटरला हात लावला तर थंडगार. प्रोसेसरवरचा ब्लॉक चटका देतोय आणि रेडिएटर थंड, म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर, पंपाचा वेग शून्य.

इथे माझी चूक कबूल करतो. २०१९ मध्ये सुरुवातीला चालू करताना अधूनमधून 'सीपीयू फॅन एरर' यायचा, म्हणून वैतागून मी बायोसमधली ती सूचनाच बंद करून टाकली होती. ती चालू असती तर पंप मेल्याच्या दिवशीच कळलं असतं, तीन वेळा पेस्ट उकरावी लागली नसती.

तीन वर्षांची वॉरंटी संपायला सहा महिने होते, म्हणून मी निश्चिंत होतो. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, आमच्याकडे नको, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे ऑनलाइन तक्रार टाका. फॉर्ममध्ये सीरियल नंबर हवा. तो रेडिएटरच्या ज्या बाजूला चिकटवलेला होता ती बाजू कॅबिनेटला टेकलेली, म्हणजे आठ स्क्रू काढून सगळं बाहेर. मग लक्षात आलं की खोक्यावरही असतो. खोकं आईने पणत्या ठेवायला घेतलं होतं. पणत्या रिकाम्या केल्या, स्टिकरवर तेलाचा डाग, पण नंबर वाचता आला. हा नंबर बसवायच्या आधीच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, बिलाच्या फोटोसोबत.

फॉर्ममध्ये पुढे प्रश्न होता: ओव्हरक्लॉकिंग केले आहे का? मी खरं ते लिहिलं. कूलर घेतला कशासाठी, शोभेला? तरी त्या एका 'हो'मुळे तक्रार 'टेक्निकल टीम'कडे गेली. तिकडून १३ एप्रिलला संध्याकाळी ईमेल आला: पंप बंद असल्याचा व्हिडिओ पाठवा, ४८ तासांत उत्तर न आल्यास तिकीट बंद होईल. मी १४ आणि १५ ला मूर्तिजापूरला एका लग्नात कॅमेरा धरून उभा. १४ ला आंबेडकर जयंती आणि महावीर जयंती, १५ ला गुड फ्रायडे, त्यामुळे त्यांचं ऑफिसही बंद. पण तिकीट बंद करणाऱ्या त्यांच्या संगणकाला सुट्टी नव्हती. शनिवारी व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं, "हे तिकीट बंद आहे, कृपया नवीन तक्रार नोंदवा."

नवीन तक्रार. पुन्हा तोच फॉर्म, तेच बिल, त्याच स्टिकरचा तोच तेलकट फोटो. बायोसच्या पडद्यावरचा शून्य दाखवणारा व्हिडिओ पाठवला. उत्तर, "व्हिडिओत पंप दिसत नाही." पंप ब्लॉकच्या आत असतो, तो कोणालाच दिसत नाही! शेवटी मोबाइल ब्लॉकला टेकवून अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड केली, मागे आईच्या मिक्सरसकट. ती मान्य झाली. का, ते मला आजही कळलेलं नाही.

२० तारखेला कुरिअरला गेलो. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "आत काय आहे भाऊ?" मी म्हटलं, लिक्विड कूलर. "लिक्विड नाही चालत." आत सीलबंद आहे, सांडत नाही, कंपनीनेच मागवलंय, सगळं सांगितलं. नाही म्हणजे नाही. दुसऱ्या कुरिअरमध्ये तोच प्रश्न आला तेव्हा "कॉम्प्युटरचा पंखा" म्हटलं. पाच मिनिटांत पावती. खर्च अर्थात माझा.

२३ ला त्यांना पोचलं. तिथून १६ मेपर्यंत स्टेटस एकच, 'अंडर प्रोसेस'. रोज सकाळी चहाबरोबर उघडून पाहायचो. फोन केला की आधी सात मिनिटं संगीत, मग "सर, आपली तक्रार प्रोसेसमध्ये आहे." ते मलाही दिसत होतं. किती दिवस, असं विचारलं की "सर, सात ते दहा वर्किंग डेज." हे त्यांनी चार वेळा सांगितलं, आणि दर वेळी मोजणी त्या दिवसापासून सुरू.

इकडे ३ मेची अक्षय तृतीया, आणि त्याआधी तीन लग्नांचे व्हिडिओ द्यायचे कबूल केलेले. ९६००के च्या खोक्यात कूलर येतच नाही. मामेभावाच्या ऑफिसातल्या भंगार झालेल्या इंटेल संगणकाचा छोटा गोल कूलर आणला. त्याचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, एलजीए ११५५ प्रकारचं होतं, माझं ११५१, पण भोकांचं अंतर सारखंच असतं, त्यामुळे बसला. त्या चार प्लॅस्टिकच्या खिट्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या आणि बोर्डाच्या मागून बोट फिरवून चारही आरपार आल्यात का ते बघायचं. माझी एक आली नव्हती.

एवढ्याशा कूलरवर पाच गिगाहर्ट्झ विसराच. बायोसमध्ये वीज ६५ वॅटवर बांधून टाकली, मोठी रेंडरं रात्री दोननंतर लावली, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून घरातला खरा कूलर तिकडे वळवला. दमट हवेने बोर्डावर पाणी धरेल अशी भीती होती, पण आतलं सगळं हवेपेक्षा गरमच असतं, त्यामुळे तसं होत नाही. ओलसर धूळ मात्र पंख्याला लोण्यासारखी चिकटते, ती दर आठवड्याला काढावी लागली. दोन व्हिडिओ वेळेत गेले. तिसऱ्या पार्टीची बोलणी खाल्ली.

मेच्या पहिल्या आठवड्यात धीर संपला आणि १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर एअर कूलर घेतला. त्यात बिघडण्यासारखा एक पंखा, तो कुठेही मिळतो. मग शांतपणे पुन्हा आकडे लावले: ४.७ गिगाहर्ट्झ, १.२२ व्होल्ट. मोटरगाडीच्या गिअरसारखं एकेक पाऊल वर जायचं, दर वेळी व्होल्टेज शक्य तितकं खाली आणायचं. बोर्डाला व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका, तो गरजेपेक्षा जास्त देतो. चाचणी मी प्राइम९५ या प्रोसेसरवर ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सगळ्यांत कठोर पर्यायावर करत नाही, कारण एव्हीएक्स या जड गणिताच्या सूचनांमुळे तो जेवढं तापवतो तेवढं माझं काम कधीच तापवत नाही. स्वतःचंच तासाभराचं रेंडर दुपारी तीन वाजता लावा, हीच अकोल्याची परीक्षा. खोली ३८ वर असताना ८१ आले. पाच गिगाहर्ट्झवर पन्नास मिनिटं घेणारं काम आता त्रेपन्न मिनिटांत होतं. त्या तीन मिनिटांसाठी मी अडीच वर्षं पाचावर अडून बसलो होतो, आणि ते सोडल्यावर उष्णता वीस टक्क्यांहून जास्त उतरली.

लिक्विडच घ्यायचा असेल तर एवढं पाहा: पंप कायम पूर्ण वेगावर ठेवा, पंप रेडिएटरच्या माथ्यापेक्षा उंच येऊ देऊ नका, नाहीतर आतली हवा त्याच्यातच साठते.

१९ मेला बदली कूलर आला. पाठवताना "फक्त कूलर पाठवा, ॲक्सेसरीज नको" असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून ब्रॅकेट आणि स्क्रू माझ्याकडेच होते. त्यांनी मॉडेलची नवी आवृत्ती पाठवली. जुनं ब्रॅकेट तिला लागत नाही. ईमेल केला. उत्तर आलं, नवीन तिकीट टाका.

टाकलेलं नाही. खोकं या वेळचं जरा मोठं आहे, आईने पणत्या त्यात हलवल्या.