केळी वाटप आणि डिस्चार्ज कार्ड

मागच्या महिन्यात जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो तर वॉर्डात केळी वाटप चालू होतं. कोणाचा तरी वाढदिवस. पंधरा माणसं, एक बॅनर, आणि खाटेवरच्या आजीला केळं देताना सगळ्यांचे हात त्या एकाच केळ्याला लागलेले, म्हणजे देऊन कोण राहिलं हे आजीलाही समजेना. बाजूच्या खाटेवर शुगरचा पेशंट, त्याच्या उशाशी चार केळी जमा. सिस्टर बिचारी सलाईन बदलायला वाट मागून राहिली होती. मी काही बोललो नाही, कारण सहा वर्षांपूर्वी मीही असेच बिस्किटचे पुडे वाटलेले आहेत आणि तो फोटो फेसबुक दरवर्षी आठवणीनं वर काढतं.

दवाखान्यात पेशंटच्या मदतीला जाणारे आम्ही पाच जण आहोत. संस्था नाही, नोंदणी नाही, नावही नाही. माझं फाट्यावर कृषी केंद्र आहे, एक शाळेतले मास्तर, एक बचत गटाच्या ताई आणि दोन कॉलेजचे पोट्टे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, फाट्यापासून चार किलोमीटर आत. सुरुवात झाली रक्तापासून. कोणाला रक्त लागलं की ग्रुपवर मेसेज टाकायचा, एवढंच. एकदा असाच मेसेज टाकला, दोन पोरं गेली, रक्त मिळालं, पेशंट बरा होऊन घरी गेला आणि आठ महिन्यांनी तोच मेसेज "अर्जंट" म्हणून फिरत फिरत माझ्याच ग्रुपवर परत आला, आणि तो माणूस तेव्हा वावरात सोयाबीन सोंगून राहिला होता! तेव्हापासून मेसेजवर तारीख टाकतो, काम झालं की खाली "झालं" लिहितो. आणि एक वही केली, कोणी कधी रक्त दिलं त्याची, कारण पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने थांबावं लागते, आणि आमचे पोट्टे जोशात दीड महिन्यातच पुन्हा उभे राहतात.

मग रक्ताच्या निमित्तानं वॉर्डात जाणं वाढलं आणि समजलं की तिथं सगळ्यात जास्त कमी कशाची असेल तर बसणाऱ्या माणसाची. खेड्यातून पेशंटसोबत एकच जण येतो, बहुतेक वेळा बायको किंवा म्हातारी माय. केस पेपर एका खिडकीवर, रक्ताचा रिपोर्ट दुसरीकडे, सोनोग्राफी तिसऱ्याच इमारतीत. ती रिपोर्ट आणायला गेली तर पेशंटजवळ कोण? आणि तेवढ्यातच राऊंडला डॉक्टर येऊन जाते. सकाळपासून चहा नाही, आंघोळ नाही. आमचं अर्ध्याच्या वर काम म्हणजे "ताई तुम्ही जा, खाऊन या, मी बसतो." याचा फोटो निघत नाही, निघाला तरी त्यात दिसणार काय, स्टुलावर बसलेला माणूस.

दुसरं काम कागदाचं. मोफत उपचाराची सरकारी महात्मा फुले योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपले अमरावती आणि गडचिरोली होते, म्हणजे विदर्भाला योजना नवीन नाही. तरी अजून माणूस आधी सावकाराकडे जातो आणि मग योजनेच्या खिडकीवर. आरोग्यमित्र नावाचा माणूस तिथं बसलेला असते हेच माहीत नसते. माहीत असलं तर रेशन कार्ड घरी. कार्ड सापडलं तर त्यात सुनेचं नावच नाही, लग्नाला नऊ वर्षं झाली तरी. किंवा आधारवर एक आडनाव आणि रेशन कार्डवर काना-मात्रा वेगळी. म्हणून ताईंनी बचत गटात सांगून ठेवलं आहे की रेशन कार्ड, आधार आणि जुने दवाखान्याचे कागद एकाच पिशवीत टाकून ती पिशवी दारामागच्या खिळ्याला लटकवा. एवढ्या एका पिशवीनं किती चकरा वाचल्या ते विचारू नका. आणि हो, १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत केस पेपर आणि तपासण्या मोफत झाल्या, पण मेडिकल कॉलेजचा दवाखाना वेगळ्या खात्याचा, तो त्या निर्णयात नव्हता. इथं सगळे गोंधळतात, मीही एकदा सिस्टरशी हुज्जत घालून तोंडावर पडलो आहे.

कोणाला कॅन्सरसाठी मुंबईला टाटा दवाखान्यात पाठवलं तर राहायचं कुठं हा प्रश्न असतो, तेव्हा दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा सांगतो. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा माणूस. मंदिरं सोडून धर्मशाळा बांधत फिरला, आणि आज त्याच्याच मुलखातले पेशंट तिथं अंग टाकतात.

पण खरी पंचाईत घरी आल्यावर. दवाखान्यात निदान सिस्टर असते.

आमच्या गावचे एक मामाजी, लकवा मारला, डावी बाजू गेली. अकरा दिवस ॲडमिट होते, आम्ही पाळी लावून बसलो, सुट्टी झाली, गाडी करून घरी सोडलं आणि आमचं काम झालं असं समजून मोकळे झालो. बारा दिवसांनी सहज गेलो. मामीजींनी डिस्चार्ज कार्ड देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेलं. बीपीच्या गोळ्या? "त्या तं सरल्या ना बाप्पा." गोळ्या सरल्या म्हणजे आजार सरला. कार्डावर प्रत्येक गोळीपुढे १-०-१ लिहिलेलं, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मामीजींना वाटलं गोळ्यांची किंमत एकशे एक रुपये. "म्हटलं एवढ्या महाग कुठून आणू?" मी हसलो आणि मग लाज वाटली, कारण गाडीतून उतरवताना हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. तोवर कोणीतरी कबुतराचं रक्त चोळायचा सल्लाही देऊन गेलं होतं, आणि एकाच कुशीवर पडून पडून कमरेखाली जखम व्हायला लागली होती.

आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी वाढव, गोळी बंद कर असलं काही आम्ही करत नाही. आशाताईंना बोलावलं, त्यांनी उपकेंद्रातून गोळ्या सुरू करून दिल्या, जखमेच्या ड्रेसिंगचं पाहिलं. डब्यांवर मास्तरांनी सूर्य आणि चंद्र काढला. राहिलं कूस बदलणं. दर दोन तासांनी बदला असं सांगितलेलं, पण मामीजींना कापूस वेचणीला जाणं भाग, किलोवर मजुरी, एक दिवस खाडा म्हणजे त्या दिवसाचं मीठ-तेल गेलं. शेजारची आजी म्हणाली मी बदलून देतो, पण मले घड्याळ समजत नाही. इथं मास्तरांचं डोकं चाललं. शाळा मामाजींच्या घराच्या मागेच. प्रार्थनेची घंटा, छोट्या सुट्टीची, मोठ्या सुट्टीची आणि शाळा सुटायची. घंटा झाली की आजी उठते, आणि शेजारच्या सुनेला हाक मारून दोघी मिळून मामाजींची कूस बदलतात. दोन तास बरोबर भरत नाहीत, पण दीड-दोन तासांत होते. महिनाभरात जखम भरत आली.

फेरतपासणीला नेणं अजून जमलेलं नाही, वेचणीच्या दिवसांत गाडी मिळत नाही आणि एसटीत मामाजींना चढवणं कठीण. मामीजींचं तिकीट अर्धं लागते, २०२३ पासून सगळ्याच बायांना लागते, पण मामाजी पंच्याहत्तरचे नाहीत म्हणून फुकट नाही. गाडीसाठी दोघांना विचारून ठेवलं आहे.

आणि नेमक्या दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. शाळा बंद, घंटा बंद. मास्तर गावाला जाताना घंटा वाजवायचं काम मामाजींच्या नातवाला देऊन गेले, चौथीत आहे. पोट्टं एवढं खुश झालं की अर्ध्या अर्ध्या तासाला घंटा वाजवून राहिलं आहे. काल मी गेलो तेव्हा आजी चौथ्यांदा उठून आली होती आणि मामाजी वाकड्या तोंडानं, पण अगदी स्पष्ट समजेल असं म्हणाले, "झोपू दे ना बे!"