गडगा पाडायच्या आदल्या दिवशी

"फाल्यां जेसीबी येतलो," म्हणजे उद्या जेसीबी येणार, असा निरोप आला तेव्हा मे संपत आला होता. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजूच्या बागायतीचा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, पाडायचा होता आणि त्याच्या बुडाशी कळलावी होती, कंदातून फुटणारा विषारी वेल. तो वाचवायचा तर कंद काढून कुंडीत लावायला हवे होते. खरं तर हे कंद काढावेत जानेवारीत. वेल वाळलेला, पण जागा दाखवायला उभा असतो. कंद झोपलेला असतो. वळवाच्या दोन सरींनंतर अंकूर पेराएवढे वर आले होते, आणि ते नुसत्या धक्क्यानं मोडतात.

नवखा माणूस अंकुराच्या सरळ खाली कुदळ घालतो. कळलावीचा कंद दोन फाट्यांचा, मध्ये वाकलेला असतो आणि डोळा फक्त फाट्याच्या टोकाला. अंकूर टोकातून निघतो, म्हणजे बाकीचा कंद एका बाजूला पसरलेला. कुठल्या, ते वरून कळत नाही. म्हणून वीतभर लांबून चर घेतला आणि शेवटची चार बोटं माती हातानंच काढली. फटीत शिरलेल्यांसाठी पारईनं चिरे उचकटावे लागले.

संध्याकाळपर्यंत 26 कंद निघाले. 7 वाकणात मोडले, त्याचं वाईट वाटलं नाही: दोन्ही तुकड्यांना डोळा असला की एकाचे दोन होतात. 3 कंदांची दोन्ही टोकं गेली. असा कंद दिसायला कितीही जाडजूड असो, कुंडीत कुजतो, फुटत नाही.

घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. गड्यानं पोतं ओतलं ते अंगणात बियाण्यासाठी पसरलेल्या काटेकणगांच्या, म्हणजे खायच्या कंदांच्या, शेजारी. कळलावीत कोल्चिसिन हे विष असतं आणि ते शिजवून जात नाही. कणग्याच्या सालीवर मुळांचे केस असतात, कळलावी गुळगुळीत. पण मातीनं माखल्यावर हा फरक कोण बघतो? दोन्ही ढिगारे हातमोजे घालून पुन्हा एकेक करून निवडले.

कंद धुतले नाहीत, माती फक्त झटकली. मोडलेल्या जागा एक रात्र सावलीत सुकवल्या, मग लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून अर्धा तास बुडवले. 10 इंची कुंडीत दोन भाग माती, एक भाग जाड रेती, एक भाग पालापाचोळ्याचं खत. कंद आडवा, अंकूर वर, दोन इंच खोल. कुंड्या पागोळ्यांच्या आत, विटांवर. आपल्याकडच्या पावसात खाली पाणी साचलं की कंद सडलाच. आधाराला बारीक काटक्याच खोचल्या, कारण वेल पानाच्या टोकानं धरतो आणि जाड बांबूला ते टोक वेढा घालू शकत नाही.