काड उभं की आडवं

नेपोलियनच्या युद्धांतल्या कैद्यांचं काम म्हणून एक छोटी पेटी दुरुस्तीसाठी आमच्या टेबलावर आली. वीतभर लांब, पाइनच्या पातळ फळ्यांची, वरून गव्हाच्या काडाचं नक्षीकाम. इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस छावणीत (१७९७ ते १८१४) फ्रेंच, डच कैदी अशा वस्तू करून छावणीतच लोकांना विकत. पेटीवर खूण किंवा सही काही नव्हती, म्हणून नोंदीत "त्या धाटणीची" एवढंच लिहिलं. विकणारे फार सहज छावणीचं नाव जोडतात.

बाहेरून पेटी मधाच्या रंगाची, चित्रात घर आणि दोन झाडं. झाकण उघडलं तर आत हिरव्या, गुलाबी, निळ्या पट्ट्या काल रंगवल्यासारख्या. उजेड न लागल्याने टिकलेल्या. म्हणजे बाहेरही हेच रंग होते, ते उडाले.

काड तयार करायची रीत अशी: दोन गाठींमधलं पेर घ्यायचं, कोमट पाण्यात भिजवायचं, बाजूने उभी चीर देऊन उलगडायचं, आतला भुसभुशीत थर खरवडायचा आणि गरम इस्त्रीने सपाट करायचं. पट्ट्या शेजारीशेजारी कागदावर सरसाने (जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद) चिकटवून मग आकार कापायचे. काडाच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे चमक अंगचीच. वॉर्निश लागत नाही. आमच्या पेटीवर कुणीतरी पूर्वी ते लावलं होतं आणि एक कोपरा पिवळा पडला होता. ते अल्कोहोलने काढता येईल का म्हणून आतल्या रंगाला अल्कोहोलचा किंचित बोळा लावून पाहिला, कापसावर गुलाबी उतरलं. कोपरा तसाच ठेवला.

खरी अडचण वेगळी. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, काड मात्र लांबीत जवळजवळ हलत नाही. त्यामुळे झाकणाला चीर आणि तिच्यावरचे तुकडे सुटून वर वळलेले. खाली धूळ. ओल्या फडक्याने पुसलं तर सरस विरघळतो आणि बाकीचंही सुटतं, म्हणून धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढली. सरस दुहेरी भांड्यात साधारण ६० अंशांवर वितळवला (जास्त तापला की ताकद जाते), बारीक ब्रशने तुकड्याखाली सारला, वर सिलिकॉनचा न चिकटणारा कागद आणि छोटं वजन.

भिंतीचा एक तुकडा मात्र गायबच होता. रंग जुळणारं नवं काड कापून बसवलं, समोरून एकदम बेमालूम. खिडकीकडे पेटी वळवली आणि तिथे काळा डाग. काडाच्या रेषा आडव्या गेल्या होत्या, शेजारच्या उभ्या. एकाच रंगाचं काड दिशा बदलली की फिकट किंवा गडद दिसतं. कैद्यांनी भिंत आणि छप्पर एवढ्यावरच वेगळं काढलं होतं, दोन्हीकडे काड एकच! रंग लावून हे झाकता येत नाही.

सरस ओला होता तोवर तुकडा उचलला, रेषा उभ्या येतील असा दुसरा कापला आणि रात्रभर वजनाखाली ठेवला. सकाळी दिवा कडेने फिरवला. भिंत अखंड उजळली, छप्पर तिच्यावर गडद उभं राहिलं.