तुम्ही विचारलंत म्हणून: सँडविच आदल्या रात्रीच करून ठेवू का?

हळदी-कुंकू असो, बारसं असो की मुलांचा वाढदिवस, प्रश्न ठरलेला: "पन्नास माणसं आहेत. रात्रीच सँडविच लावून ठेवली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहतील ना?"

राहतील, पण खाववणार नाहीत. रात्री चटणी करा, सँडविच दुपारी लावा. सहाचा कार्यक्रम असेल तर एकला बसा. एकीने बटर लावायचं, दुसरीने भरायचं, असं केलं तर साठेक सँडविच दीड तासात होतात. मग तीन-साडेतीन तास ती नीट ठेवणं एवढंच उरतं, आणि तिथेच सगळं बिघडतं.

बिघडतं ते पाण्यामुळे. ब्रेड बाहेरच्या कोरड्या हवेला पाणी देतो म्हणून कडा वाळतात, आणि आतल्या काकडी-चटणीचं पाणी पितो म्हणून मध्ये लगदा होतो. एकाच सँडविचमध्ये दोन्ही तक्रारी असतात त्या यामुळे.

आतलं पाणी अडवतं ते बटर. ते चवीसाठी आहे असं समजून मध्यभागी एक फराटा ओढतात आणि कडा कोरड्या ठेवतात. बटर दोन्ही स्लाइसना, अगदी काठापर्यंत लागलं पाहिजे. एका स्लाइसला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. फ्रिजमधून दोन तास आधी काढा. जानेवारीत बेळगावच्या गारठ्यात तीन तास लागतात. घाई झाली म्हणून गॅसवर वितळवू नका. वितळलेलं बटर ब्रेडमध्ये मुरतं, वर थर उरतच नाही. घरचं लोणी चवीला कितीही सरस असलं तरी त्यात ताकाचा अंश राहतो, त्यामुळे या कामाला विकतचं खारं बटरच बरं.

आता चटणी. पन्नास माणसांना ४०० ग्रॅमचे आठ ब्रेड धरा. टोकाच्या स्लाइस सोडून एका ब्रेडची साधारण आठ सँडविच होतात, म्हणजे चौसष्ट. बटर ६५० ग्रॅम लागेल आणि चटणी पाऊण किलो. तेवढ्या चटणीला निवडलेली कोथिंबीर अर्धा किलो, डाळं (इकडे पुटाणी म्हणतात ते) १५० ग्रॅम, पंधरा-वीस हिरव्या मिरच्या, ५० ग्रॅम आलं, मीठ आणि चिमूटभर साखर. कोथिंबीर धुऊन फडक्यावर पूर्ण सुकवायची. मिक्सर अडला तर पाणी घालायचं नाही, बर्फाचे दोन-तीन खडे टाकायचे. डाळं इथे चवीला नसून पाणी धरून ठेवायला आहे. चमचाभर चटणी ताटलीत ठेवून पाच मिनिटं थांबा. कडेने हिरवं पाणी सुटलं तर आणखी डाळं वाटून घाला.

लिंबू रात्री पिळू नका. आंबटामुळे हिरवा रंग सकाळपर्यंत मळकट होतो; पिळायचं ते दुपारी, लावायच्या आधी. खोबरंही नको. आपल्याकडे चटणी म्हटलं की हात नारळाकडे जातो, पण ओलं खोबरं आंबायला वेळ लागत नाही.

खरं तर आधी करून ठेवायच्या सँडविचला आपल्या भागात हिरव्या चटणीपेक्षा चांगली गोष्ट घरोघरी असते: शेंगा चटणी. कोरडी, तिखट, लसूण घातलेली, आणि पाण्याचा थेंब नाही. १०० ग्रॅम मऊ बटरमध्ये तीन मोठे चमचे चटणी कालवली की भरण आणि अडसर दोन्ही एकाच थरात होतं. वर चीजची एक स्लाइस, बस. चटणी बारीक हवी. दाण्याचे तुकडे राहिले की पसरताना ब्रेड फाटतो. हे सँडविच फ्रिजबाहेर, सावलीत, झाकून चार-पाच तास सहज टिकतं. कारळ्याची चटणीही चालते, पण तिचा काळा रंग पाहून मुलं हात लावत नाहीत. कुणाला रात्रीच करायचंच असेल, तर हे एकच सँडविच रात्री करता येतं.

काकडीशिवाय सँडविच कसलं, असं वाटत असेल तर मध्यम आठ काकड्या घ्या. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा, मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा आणि फडक्यात दाबून टिपा. निघालेलं पाणी वाटीत बघा, म्हणजे एरवी ते कुठे जातं ते कळेल. मीठ इथेच पडलं आहे, वरून पुन्हा शिंपडू नका. टोमॅटो मात्र मी आधी करायच्या सँडविचमध्ये घालूच देत नाही. बिया काढल्या तरी तो तासाभरात पाझरतो. बटाटा सालासकट उकडा, सोलून पूर्ण गार करा. कोमट बटाट्याची वाफ ब्रेडला आतून भिजवते. कांदा नको: दोन-तीन तासांत उग्र होतो, आणि त्याच फ्रिजमध्ये पाहुण्यांसाठी कुंदा ठेवलेला असेल तर त्यालाही वास लागतो.

ब्रेड आदल्या संध्याकाळी आणा. भट्टीतून नुकता निघालेला ब्रेड लुसलुशीत असतो, पण बटर लावताना त्याचे धागे निघतात. बेकरीत अख्खा लोफ कापून घेणार असाल तर तो पूर्ण गार झालाय ना, हे हात लावून बघा. गरम लोफ पिशवीत घामाघूम होतो. गोड मिल्क ब्रेड तिखट चटणीला नको. आणलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या गारव्यात ब्रेडमधला स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर घट्ट होतो, म्हणून तो एका रात्रीत शिळा लागतो. फ्रीझरमध्ये तसं होत नाही.

लावताना स्लाइस लोफमध्ये ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने जोड्या करा, म्हणजे कडा जुळतात. कडा आधी कापायच्या नाहीत, त्या आतल्या मऊ भागाला जपतात. चार-चारची चळत करून बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि स्टीलच्या डब्यात दाटीने बसवा. डब्यात मोकळी हवा जितकी कमी तितकं बरं. ओलं फडकं ठेवायचं तर कडकडीत पिळलेलं, आणि बटर पेपरच्या वर. ब्रेडला थेट लागलं की डाग पडून तिथे चिकट होतं. खानापूर-जांबोटीकडे जुलैत हवाच एवढी दमट असते की फडक्याची गरज नाही. अथणी-रायबागकडे एप्रिलमध्ये मात्र ते दीड-दोन तासांनी पुन्हा ओलं करून पिळावं लागतं. पोळ्या ठेवतो त्या हॉटपॉटमध्ये सँडविच ठेवू नका, काकडी आतल्या आत घाम सोडते.

बटाटा, पनीर, अंडं किंवा मेयोनीज असेल तर डबा फ्रिजमध्येच. लाइट जाऊन-येऊन असेल तर फ्रिज उघडू नका. खाण्यापूर्वी अर्धा तास डबा बाहेर काढा, पण झाकण लावलेलंच राहू द्या. पावसाळ्यात गार सँडविचला दमट हवा लागली की तांब्यावर धरतं तसं पाणी ब्रेडवर धरतं. अशी सँडविच बाहेर दोन तासांच्या वर नकोत, उन्हाळ्यात तर एकच तास.

कापायचं शेवटी, पाहुणे चपला काढत असताना. दातेरी सुरी, वरून दाब न देता करवतीसारखी चालवायची. दर दोन सँडविचनंतर पुसायची, नाहीतर हिरवे ओघळ येतात. आधी कडा, मग तिरका छेद. गावाला न्यायची असतील तर न कापताच, डबा आडवा मांडीवर घेऊन. एसटीच्या वरच्या रॅकवर नको.

कापलेल्या कडा फेकू नका. तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून कुस्करल्या की पुढच्या कटलेटचा चुरा झाला. उरलेली शेंगा चटणीची सँडविच दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर खरपूस भाजा. बटाट्याची तासन्‌तास बाहेर राहिली असतील तर ती भाजूनही खाऊ नका.